मामा तलावांचा गाळ काढताना पाणीवाटपाच्या नोंदीही काढा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पूर्व विदर्भातील माजी मालगुजारी (गावाचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांच्या ताब्यात पूर्वी असलेल्या), म्हणजे आपल्याकडच्या मामा तलावांच्या दुरुस्तीची चर्चा दर उन्हाळ्यात होते आणि गाळ किती निघाला, पाळीवर (तलावाच्या मातीच्या बांधावर) मुरूम किती पडला येथवर येऊन थांबते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत मिळून असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. परंतु ज्या गावव्यवस्थेने ते शतकानुशतके चालवले, तिचे काय झाले हे क्वचितच विचारले जाते.

जो तलाव बांधील त्याला त्या पाण्याखाली भिजणारी जमीन द्यायची, अशी रीत चांद्याच्या (आजच्या चंद्रपूरच्या) गोंड राजांनी घातल्याचे परंपरा सांगते. जमिनीचा उतार अचूक हेरून पाळ घालणारे कोहळी समाजाचे लोक या आश्रयाने येथे स्थिरावले आणि धानाबरोबर ऊसही पिकवू लागले. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव आजही कोलू पाटील कोहळी यांच्या नावाने ओळखला जातो. गोंडांचे राज्य जाऊन भोसल्यांचे आले, पुढे इंग्रजांनी १८६० च्या दशकातील जमाबंदीत मालगुजारांना गावाची मालकी दिली, तरी तलाव चालत राहिले. अर्थात मालगुजार काही धर्मात्मे नव्हते. कुळांना बेगारीत राबावे लागे, ही गोष्ट तलावांच्या गौरवगाथांतून सोयीस्करपणे गळते. म्हणूनच १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि १९५१ पासून तलाव शासनाकडे आले, हे योग्यच झाले, असे माझे मत आहे.

मात्र त्या व्यवस्थेबरोबर तिच्या आधाराने चाललेली शिस्तही विस्कटली. पाऊस ओसरल्यावर, धान लोंबीवर आलेले असताना, कोणाच्या बांधीला (धानाच्या वाफ्याला) पाणी आधी जाईल आणि तुडुम, म्हणजे पाणी सोडण्याचे दार, केव्हा उघडेल हे पाणी वाटणारा पाणकर ठरल्या रिवाजाने पाहत असे, आणि पाळीला घळ पडली तर माती कोणी टाकायची हेही ठरलेले असे. जिल्हा परिषदेकडे तलावांची देखभाल आली, पण हा रिवाज कोणाकडेच सोपवला गेला नाही. परिणामी, पाणी असूनही वरच्या बांध्या तुडुंब आणि खालच्या कोरड्या, असे चित्र अनेक गावांत दिसते.

सुदैवाने हा रिवाज केवळ म्हाताऱ्यांच्या आठवणीत नाही. मालगुजारीच्या काळातील जमाबंदीत प्रत्येक गावाचा वाजिब-उल-अर्ज लिहिला जाई आणि त्यात गावातील हक्क व वहिवाटी नोंदल्या जात. जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात ही कागदपत्रे जेथे शिल्लक असतील, तेथे त्यांच्या नकला संबंधित ग्रामपंचायतींना द्याव्यात आणि ग्रामसभेने त्यांतील बेगार व जातिभेद वगळून वाटपाचे नियम नव्याने ठरवावेत. तलावाच्या भरवशावर जगणाऱ्या, मासेमारी करणाऱ्या ढिवर बांधवांनाही त्यात मत असावे. कारण तळ बेताल खोल खणला की काठाचा उथळ भाग आणि तेथली पाणवनस्पती जाते, आणि तेथेच मासोळीची पिल्ले वाढतात.

येत्या उन्हाळ्यात कोणत्याही तलावावर यंत्र उतरवण्यापूर्वी प्रशासनाने एवढे करावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक धान उत्पादक, ता. लाखनी, जि. भंडारा