व्यायामासाठी विकलेल्या बायपॅपची (मास्कमधून दाबाने हवा देणाऱ्या मशीनची) सेटिंग कुलूपबंद केल्याबद्दल

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा

तुमच्या हेल्पलाइनशी बोलणं आत्ताच संपलं. आता लेखी घ्या.

तुमच्या सॉफ्टवेअर अपडेटच्या आधी सीओपीडीच्या (श्वासनलिका अरुंद होण्याचा दीर्घकालीन आजार) रुग्णाला ट्रेडमिलवर चालवताना आम्ही टीआय मॅक्स (एका श्वासात मशीन जास्तीत जास्त किती वेळ हवा ढकलेल) ०.८ सेकंद आणि सायकल सेन्सिटिव्हिटी (फ्लो, म्हणजे हवेचा प्रवाह, त्याच्या कमाल पातळीच्या किती टक्क्यांवर आला की मशीन हवा ढकलणं थांबवेल) ५० टक्के ठेवायचो. आता टीआय मॅक्स १.५ च्या खाली उतरत नाही आणि सायकल २५ टक्क्यांवर अडकली आहे.

चालताना श्वास मिनिटाला ३० वर जातो, म्हणजे एका श्वासाला मिळतात २ सेकंद. मास्क हलून हवा गळते, फ्लो २५ टक्क्यांपर्यंत पडतच नाही आणि मशीन पूर्ण दीड सेकंद हवा ढकलत राहतं. उच्छ्वासाला उरतो अर्धा सेकंद, तोही ज्यांना उच्छ्वासालाच सर्वांत जास्त वेळ लागतो त्यांना. हवा छातीत साठते. पुढचा श्वास ओढायची ताकद तो साठलेला दाब मोडण्यातच जाते आणि ट्रिगर लागत नाही, म्हणजे रुग्णाने श्वास ओढल्याचं मशीनला कळतच नाही. छाती मिनिटाला ३२ वेळा हलते, स्क्रीनवर २० श्वास दिसतात.

हे सगळं सांगितल्यावर तुमचे प्रतिनिधी म्हणाले, "पेशंटला सावकाश श्वास घ्यायला सांगा." धाप लागते म्हणूनच मशीन लावलंय, असं म्हटलं. त्यावर, "मग स्पीड कमी करा." व्यायाम व्हावा म्हणूनच मशीन घेतलंय, हेही सांगितलं. तेव्हा विचारलं, "रात्री झोपेत नीट चालतं ना? मग मशीनमध्ये दोष नाही." आणि तक्रार बंद! माहितीपत्रकावर ट्रेडमिलवरच्या माणसाचा फोटो तुम्हीच छापलाय ना?

मास्क बदलला, पट्टे आवळले, राइज टाइम (दाब पूर्ण चढायला लागणारा वेळ) आधीच सर्वांत कमी आहे. ईपॅप (उच्छ्वासाच्या वेळी मशीन ठेवतं तो दाब) ४ वरून ५ केल्यावर ट्रिगर थोडे सुधारले, पण उच्छ्वासाचा वेळ त्याने वाढत नाही. तो वाढतो टीआय मॅक्स खाली आणल्यावर, आणि तेच तुम्ही बंद केलंय. ऑक्सिमीटरवर ९१ दिसतंय म्हणजे सगळं ठीक, हेही परत ऐकवू नका. आकडा बरा असतानाही रुग्ण मशीनशी झुंजत असतो.

क्लिनिकल मेनूमध्ये दोन्ही सेटिंग पूर्ववत करा, नाहीतर जुनं सॉफ्टवेअर परत टाकून द्या. आणि हा बदल कोणाला विचारून केला, ते लेखी कळवा. जमत नसेल तर मशीन परत घ्या, पैसे द्या. उत्तर आलं नाही तर ट्रिगर चुकल्याच्या नोंदी आणि ग्राफ वैद्यकीय उपकरणांच्या नियामकाकडे जातील. तोवर तुमचं मशीन आमच्या एकाही रुग्णाला व्यायामात लावणार नाही.

फिजिओथेरपिस्ट,
पल्मनरी रिहॅब विभाग