होडीची पेटी होडीच्याच मापाची हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर थर्माकोलचा चुरा पसरल्याचं छायाचित्र आपल्या दैनिकात आलं होतं. त्यावर दोन वाचकांनी पत्रं लिहून मच्छीमारांना दोष दिला. चुरा आहे आणि त्यातला बराचसा मासळीच्या डब्यांचा आहे, हे मी नाकारत नाही. ज्या वाळूत कासवं अंडी घालायला येतात त्याच वाळूत तो मिसळतो आणि चाळूनही निघत नाही. पण होडीत तो डबा का येतो आणि त्याच्या जागी दुसरं काय येऊ शकतं, याबद्दल त्या पत्रांत काही नव्हतं. मी सुतार आहे, छोट्या होड्यांसाठी लाकडी पेट्या करतो, म्हणून लिहितो आहे.

माझे वडील मचवे, म्हणजे लाकडी होड्या, बांधायचे. फायबरच्या होड्या आल्या तसं ते काम आटलं आणि मी दारं, खिडक्या, देव्हारे करू लागलो. होडीत परत हात घातला तो शेजारच्या एका पोरामुळे. त्याची बावीस फुटी फायबरची होडी आहे, मागे आऊटबोर्ड इंजिन, होडीवर तीन माणसं. एका पहाटे लाटेवर होडी कलली, पेट्रोलचा कॅन घसरत आला, त्याच्या धक्क्याने गळांच्या दोरीचं टोपलं उपडं झालं आणि एक गळ त्याच्या तळहातात शिरला. गळाचं टोक उलट आकडीचं असतं, ओढलं की आणखी रुततं. तसाच हात घेऊन तो किनाऱ्याला आला आणि दापोलीला जाऊन डॉक्टरांकडून गळ काढून घेतला. हात बरा झाल्यावर माझ्या पडवीत येऊन म्हणाला, "काका, होडीत सगळं जागच्या जागी राहील असं कायतरी करून द्या."

होडीचं माप कपाटासारखं घेता येत नाही. घरात भिंत उभी असते, जमीन सपाट असते. होडीत एक रेषा सरळ नसते, आणि ती पाण्यावर असेल तर ओळंबाही निकामी नि पाणसळही निकामी. म्हणून ओहोटीला होडी वाळूत टेकेपर्यंत थांबायचं. नाळेपासून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकापासून, पिछाडीपर्यंत मधोमध सुतळी ताणायची आणि सगळी मापं त्या सुतळीपासून दोन्ही बाजूंना घ्यायची. मग एक फळी आडवी उभी धरून बांबूच्या कामट्या एकेक करून होडीच्या पोटाला टेकवायच्या आणि जिथे टेकली तिथे कामटी फळीवर चुका मारून पक्की करायची. दहा-बारा कामट्या झाल्या की होडीच्या पोटाची गोलाई कंगव्यासारखी हातात येते. हे वडिलांचं शिक्षण, त्यांना टेप लागत नसे. त्या कंगव्यावरून लाकडावर खूण केली की पेटीचा तळ होडीत बसतो तो पावलात चप्पल बसावी तसा. तरी चारी बाजूंना बोटभर जागा सोडावी लागते, कारण फायबर लाटेवर लवतं. पेटी घट्ट ठोकून बसवली तर दोन हंगामांत तिची कड फायबर घासून पातळ करते. त्या फटीत जुन्या टायरच्या ट्यूबच्या पट्ट्या घालतो आणि पेटी खिळ्याने न जोडता दोरीने बांधतो, म्हणजे होडी धुताना ती उचलून बाहेर काढता येते.

लाकूड फणसाचं. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात आमच्या आगरातला मोठा फणस मुळासकट पडला. तेव्हा पडलेल्या झाडांचं काय करायचं हेच कोणाला सुचत नव्हतं, पुष्कळांनी मिळेल त्या भावाला जळणासाठी दिली. मी फणसाच्या इंचभर जाडीच्या फळ्या पाडून घेतल्या आणि मध्ये पट्ट्या घालून, वारा खेळेल अशा, माळ्याखाली रचून ठेवल्या. आमच्या हवेत इंचभर फळीला वाळायला एक वर्ष धरतात. मी दोन पावसाळे जाऊ दिले. रंधा मारला तेव्हा आतून हळदीसारखा पिवळा रंग निघाला. फणसाला सहसा वाळवी लागत नाही आणि तो सागाच्या मानाने पुष्कळ स्वस्त पडतो. आंब्याचं लाकूड त्याहून स्वस्त, पण सतत ओलीत राहिलं की लवकर कुजतं. बाहेरून उंडीचं तेल, दोन-तीन हात. आतून रंग नाही, डांबर तर नाहीच, मासळीला वास लागतो.

पेट्यांमध्ये सगळ्यात जास्त जीव ओतावा लागतो तो बर्फाच्या पेटीत. मासळी ताजी ठेवायला आपल्या उन्हात किलोला किलो बर्फ लागतो, ही गोष्ट होडीवाल्याला शिकवावी लागत नाही. पण लाकूड एकटं बर्फ धरत नाही. त्यातून उष्णता थर्माकोलच्या तीन-चारपट आत शिरते. म्हणून दोन भिंती करून मध्ये काहीतरी भरावं लागतं. पहिल्या पेटीत मी भाताचा तूस भरला. घरी मोकळा मिळतो, आणि पूर्वी बर्फ तुसात पुरून ठेवत हे पाहिलेलं होतं. अंगणात बर्फ छान राहिला. समुद्रावर तिसऱ्या आठवड्यात सांध्यातून पाणी झिरपलं, तूस भिजला, फुगला आणि आतली फळी सुटून वर आली. त्या दिवशीचे बांगडे त्या पोराला निम्म्या भावात द्यावे लागले. मी त्याला पैसे परत केले आणि पेटी मोडून नव्याने केली.

आता मध्ये दोन इंची पफची, म्हणजे कडक पॉलियुरेथेन फेसची, शीट घालतो, आणि आतला सगळा भाग होड्या दुरुस्त करणाऱ्या पोरांकडून फायबरचा हात मारून घेतो, एकही सांधा उघडा राहू न देता. बाहेरून छत्तीस इंच लांब, वीस रुंद, अठरा खोल. आत साधारण नव्वद लिटर जागा उरते, बर्फ आणि मासळी मिळून पंचावन्न-साठ किलो माल मावतो. रिकामी पेटी अठ्ठावीस किलो भरते. ती होडीच्या मध्याजवळ, होता होईल तितकी खाली बसते. वजन वर किंवा एका टोकाला गेलं की होडी डोलायची ती जास्तच डोलते. तळाला एका कोपऱ्यात मोरी, तिला लाकडी बूच. वितळलेलं पाणी रोज सोडायचं, मासळी पाण्यात पोहत ठेवायची नाही. पेटीखाली दोन दांड्या, म्हणजे होडीतलं पाणी खालून वाहून जातं. पफ हाही फेसच आहे, कोणी म्हणेल फरक काय. फरक हा की तो लाकडाच्या आणि फायबरच्या आत बंद आहे. लाटेने चुरा होऊन किनाऱ्याला येत नाही.

पेट्रोल आणि बॅटरी यांबद्दल मात्र दोन ओळी जास्त लिहितो, कारण छोट्या होड्यांत या दोन वस्तू एकाच कोपऱ्यात ठेवलेल्या मी पुष्कळदा पाहिल्या आहेत. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली साचते. म्हणून कॅनच्या पेटीला तळाशी भोकं हवीत. बॅटरीतून चार्ज होताना निघणारा वायू हलका, तो वर जातो. तिच्या पेटीला भोकं वर, झाकणाखाली. एकाच पेटीत दोन्ही ठेवली आणि वायर सैल होऊन ठिणगी उडाली तर काय होईल हे सांगायला नको. मी या दोन पेट्या होडीच्या दोन बाजूंना बांधतो आणि गिऱ्हाईक एकच पेटी मागत असेल तर काम घेत नाही.

गळांच्या पेटीला आतून कडेने बुचाची पट्टी असते, तिच्यात एकेक गळ क्रमाने टोचून ठेवायचा आणि दोरी मध्ये गुंडाळायची. झाकणाला बाहेर मूठ नाही, कडी नाही, कारण जाळं ओढताना एका खिळ्याचं डोकं पुरतं, चार हजारांचं जाळं फाटतं. सगळे स्क्रू लाकडात बुडवलेले, सगळ्या कडा गोल मारलेल्या. बिजागरीच्या जागी ट्यूबचं रबर. स्क्रू स्टेनलेसचेच घ्यायचे, आणि त्यातही ३१६ नंबरचे. दुकानात बहुधा ३०४ मिळतात, त्यांना खाऱ्या हवेत बारीक खड्डे पडतात. जिथे जास्त जोर येतो तिथे वडिलांनी मोडलेल्या मचव्यांतून जपून ठेवलेले तांब्याचे खिळे वापरतो. मूठभर उरले आहेत.

बर्फ, पेट्रोल, बॅटरी आणि गळ अशा चारही पेट्यांचे मिळून मी सतरा हजार घेतले. त्यात बर्फाची एकटी नऊ हजारांची. थर्माकोलचा डबा आमच्याकडे चारशेला मिळतो आणि महिना-दीड महिना टिकतो. ऑगस्ट ते मे हंगामात सात-आठ डबे लागतात, म्हणजे वर्षाला तीन हजारांच्या आसपास. साधारण तीन वर्षांत लाकडी पेटीचे पैसे वसूल होतात, पण ज्याचं घर रोजच्या मासळीवर चालतं त्याने नऊ हजार आज आणायचे कुठून? किनाऱ्यावरच्या चुऱ्याचं मूळ इथे आहे. दोष देणाऱ्या वाचकांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

आणि इथेच सरकारची मदत उपयोगी पडली असती. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत बर्फपेटीसह सायकल आणि मोटारसायकल देण्याची तरतूद आहे. म्हणजे पेटीची गरज सरकारला मान्य आहे. दुसरीकडे १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत जे अठरा व्यवसाय घेतले आहेत, त्यांत सुतार आहे, होडी बांधणारा आहे आणि मासेमारीची जाळी विणणाराही आहे. माझ्याकडे त्या योजनेचं प्रमाणपत्र आणि ओळखपत्र आहे, अवजारांसाठी मदतही मिळाली, त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. पण ती अवजारं वापरून मी केलेल्या पेटीची पावती घेऊन तो पोरगा अनुदानासाठी एका कार्यालयात गेला, तेव्हा जीएसटीचं बिल आणि कंपनीचं नाव नाही म्हणून अर्ज परत आला. मी स्वतः त्याच्याबरोबर दुसऱ्यांदा गेलो. पेटी टेम्पोत घालून नेली होती. टेबलावरच्या माणसाने ती उघडून पाहिली, आत हात घालून पाहिला, चांगली आहे म्हणाला, आणि तरी कागद परत दिला. त्याचाही इलाज नसेल. मी वर्षाला दहा-बारा पेट्या करतो, माझ्यासारख्याला जीएसटी नोंदणी कायद्यानेच बंधनकारक नाही. मग ते बिल मी कुठून देणार?

कारखान्याची प्लास्टिकची पेटी वाईट असते असं मी म्हणत नाही. मोठ्या ट्रॉलरवर, बंदरात, टेम्पोत ती उत्तम. पण ती चौकोनी येते आणि छोट्या होडीचं पोट गोल असतं. ती होडीत टेकत नाही, डुगडुगत राहते, मग खाली विटा-दगड लावावे लागतात आणि लाटेवर तेच दगड पायावर येतात. माझी मागणी एवढीच आहे, की सरकारनेच प्रमाणपत्र दिलेल्या सुताराची सही असलेली पावती होडीच्या पेटीसाठी ग्राह्य धरावी. पाहणी करायची असेल तर अवश्य करावी. पेटीत बर्फ भरून दिवसभर उन्हात ठेवावी, संध्याकाळी किती उरला ते वजन करून पाहावं आणि मग अनुदान द्यावं. कागदापेक्षा ती तपासणी सोपी आहे.

१ जूनला यांत्रिक मासेमारी बंद होईल आणि ३१ जुलैपर्यंत होड्या किनाऱ्यावर राहतील. माप घ्यायला हेच दिवस. माझ्याकडे त्या फणसाच्या अजून चार बर्फपेट्या होतील एवढ्या फळ्या शिल्लक आहेत. हर्णै, पाजपंढरी, केळशीकडच्या कोणाला आपल्या होडीचं माप घेऊन हवं असेल, किंवा कोणा सुताराच्या मुलाला कामट्यांचं माप शिकायचं असेल, तर या दोन महिन्यांत मी रोज सकाळी पडवीत असतो. शिकवायचे पैसे घेणार नाही. कामट्या मात्र येताना आणाव्यात, आमच्याकडचा बांबू यंदा संपला आहे.

आपला,
एक सुतार
आंजर्ले, ता. दापोली, जि. रत्नागिरी