ठोक्याच्या गोळीवर उलटीचं इंजेक्शन देण्याआधी विचारा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळा लागला की आमच्या भागात ढाळ-उलट्या सुरू होतात, त्यात ज्याला हार्टच्या ठोक्यांची गोळी चालू आहे त्याच्या जिवावर बेतू शकतं, म्हणून हे पत्र. माझ्या मोठ्या काकांना सोटालॉल नावाची अशीच गोळी चालू आहे. मागच्या मे महिन्यात त्यांना ढाळ लागले, गावातच उलटीचं इंजेक्शन अन् अँटिबायोटिक दिलं, आधीची कोणती गोळी चालू आहे हे कोणीच विचारलं नाही अन् संध्याकाळी काका बाजेवरच बेशुद्ध पडले. नागपूरला नेलं तर ईसीजीत क्यूटी नावाचं अंतर लांबलेलं, पोटॅशियम एकदम कमी. वाचले, पण थोडक्यात.

तिथल्या डॉक्टरांनी नीट समजावलं. दर ठोक्यानंतर हृदयाला पुन्हा तयार व्हायला जो वेळ लागतो (ईसीजीत क्यूटी दिसतो तो हाच) तो सोटालॉल वाढवते, त्यानंच ठोके ताळ्यावर राहतात, पण तो वेळ प्रमाणाबाहेर लांबला तर हीच गोळी टॉर्साड नावाची ठोक्यांची जीवघेणी गडबड सुरू करून देते. ढाळात पोटॅशियम, मॅग्नेशियम वाहून जातं, अंगातलं पाणी आटलं की किडनी ही गोळी नीट बाहेर टाकू शकत नाही, अन् वरून ओंडान्सेट्रॉन हे उलटीचं औषध, अझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक दिलं तर तेही क्यूटी लांबवतात. गडचिरोलीकडं मलेरियाला देतात त्या क्लोरोक्विनचंही तसंच.

ठोक्याची गोळीच जिवावर उठू शकते हे काही आज कळलेलं नाही. अमेरिकेत हार्ट अटॅक येऊन गेलेल्या लोकांवर कास्ट नावाची चाचणी झाली, फ्लेकेनाइड अन् एनकेनाइड या ठोक्यांच्याच दुसऱ्या गोळ्यांनी जास्तीचे ठोके दबले पण माणसं जास्त दगावली म्हणून १९८९ मध्येच चाचणीत या गोळ्या थांबवाव्या लागल्या. गोळी घेणाऱ्या ७५५ पैकी ६३ गेले, औषध नसलेली गोळी घेणाऱ्या ७४३ पैकी २६.

म्हणून कोणी घाबरून आपल्या मनानं गोळी बंद करू नका हो, ते तर आणखी धोक्याचं, डॉक्टरलाच विचारा. पण ज्याला अशी गोळी चालू आहे त्याच्या फाइलवर लाल पेनानं मोठ्या अक्षरात लिहून द्यायला काय जातं? मेडिकलवाल्यानंही देण्याआधी विचारावं. ग्रामीण रुग्णालयात अशा पेशंटचा ईसीजी, पोटॅशियम अन् किडनीची तपासणी ठराविक महिन्यांनी झालीच पाहिजे, दर वेळी नागपूरचं भाडं कोणाला परवडते? अन् आपल्या पेपरनं मार्च संपायच्या आत क्यूटी लांबवणाऱ्या औषधांची नावं मराठीत छापावीत ही विनंती.

आपला एक वाचक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ