ऑडिटची सुरुवात फाटकापासून व्हावी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

सप्टेंबर जवळ आला की बेळगावातल्या ऑडिटर मंडळींच्या कचेऱ्यांतले दिवे रात्री उशिरापर्यंत जळू लागतात, कारण कंपन्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत उरकायच्या असतात आणि त्याआधी ताळेबंदावर सही व्हावी लागते. या घाईत उद्यमबाग, मच्छे, होनगा भागातल्या लहानमोठ्या खासगी कंपन्यांच्या ऑडिट फायलीत एक कागद हमखास भरून ठेवला जातो. या कंपनीच्या आर्थिक पत्रकांत मुद्दाम फसवे आकडे दाखवले जाण्याची जोखीम कितपत आहे, असा प्रश्न त्यावर असतो. उत्तराच्या रकान्यात ‘कमी’ आणि कारणाच्या रकान्यात ‘संचालक प्रामाणिक, जुने अशील’ असे लिहिलेले असते. गेल्या वर्षीच्या फायलीत हेच, त्याच्या आदल्या वर्षीही हेच. मी आधी एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात, हिशेबनीस आणि नंतर निवृत्तीपर्यंत ऑडिटरच्या कचेरीत कामाला होतो. हा कागद मीही पुष्कळदा भरला आहे, आणि तो ज्या निष्काळजीपणे भरला जातो त्याविषयीच हे पत्र आहे.

सनदी लेखापाल संस्थेच्या लेखापरीक्षण मानक २४० मध्ये स्पष्ट म्हटले आहे की, व्यवस्थापनाच्या सचोटीचा पूर्वानुभव कितीही चांगला असला, तरी फसवणुकीमुळे पत्रके चुकीची असू शकतात ही शक्यता ऑडिटरने मनात जागी ठेवली पाहिजे. म्हणजे ‘जुने अशील’ हे कारण मानकाने आधीच बाद केलेले आहे. विक्रीच्या उत्पन्नाबाबत तर जोखीम आहे असे गृहीत धरूनच सुरुवात करायची असते, आणि एखाद्या कंपनीत ती नाही असे ऑडिटरला वाटले तर का नाही, हे त्याने फायलीत कारणांसह लिहायचे असते. दुसरी जोखीम, व्यवस्थापनानेच स्वतःचे नियम बाजूला सारून नोंदी फिरवण्याची, ती कोणत्याही कंपनीत नाही असे म्हणण्याची मुभाच नाही. आपल्याकडच्या खासगी कंपन्यांत चेकवर सही मालकाची, बिलाला मंजुरी मालकाची आणि मालसाठ्याच्या यादीवर प्रमाणपत्रही मालकाचेच असते. तिथे ही दुसरी जोखीम ‘कमी’ कशी ठरते, हे मला आजवर कोणी समजावून सांगितलेले नाही.

आता माझ्या स्वतःच्या हातून घडलेली गोष्ट सांगतो. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी ज्या फाउंड्रीत होतो, तिथे एका वर्षी ३० मार्चच्या संध्याकाळी दोन ट्रक कास्टिंग (ओतीव माल) भरले गेले. बिल कोल्हापूरच्या एका व्यापाऱ्याच्या नावाने फाडले, पण ट्रक कोगनोळीचा नाका ओलांडून कागलजवळ मालकांच्या एका नातेवाइकाच्या गोडाऊनला जाऊन उभे राहिले. बँकेच्या कॅश क्रेडिटच्या, म्हणजे खेळत्या भांडवलासाठीच्या कर्जाच्या, मर्यादेचे नूतनीकरण तोंडावर आले होते आणि त्या वर्षी उलाढाल घसरलेली दिसून चालणार नव्हते. मालकांनी मला बोलावून सांगितले, “बँकेला दाखवायला लागतंय, एप्रिलात परत आणू या.” एप्रिलच्या मध्यावर माल ‘रिजेक्शन’ म्हणून परत आला. गेटवरच्या मामांनी ट्रकची ताडपत्री बाजूला सारून पाहिले आणि ते मला म्हणाले, “हिशेबनीस, परवा गेलेलाच माल न्हवं का ह्यो?” कास्टिंगवर खडूने लिहिलेले हीट नंबर (भट्टीच्या कोणत्या वितळणीतला माल ते सांगणारे आकडे) जसेच्या तसे होते, खाचांतली वाळूसुद्धा झडलेली नव्हती. मशीनला न लावलेला, तपासणीच्या टेबलावर न चढलेला माल गिऱ्हाइकाने नापास तरी कसा केला, हा प्रश्न मामांना पडला, तो मलाही पडला होता. मी मुकाट्याने विक्री परत आल्याची नोंद नव्या वर्षाच्या रोजकीर्दीत लिहिली.

जुलैत ऑडिट झाले. ऑडिटरचे दोन तरुण मदतनीस मालकांच्या केबिनशेजारी बसून चार दिवस बिले आणि खतावणी ताडून पाहत होते. मार्चच्या बिलावर खूण झाली, कारण बिल होते, चलन होते, ट्रकची भाडेपावतीही होती. माल परत आल्यावर काढलेली एप्रिलची क्रेडिट नोट कोणी मागितली नाही, कारण ती ‘पुढच्या वर्षाची’ होती. त्या काळी परराज्यातल्या विक्रीवर सवलतीचा कर लावायचा तर खरेदीदाराकडून सी फॉर्म यावा लागे. तो या बिलावर कधीच येणार नव्हता, पण फॉर्म उशिरा येणे ही सगळ्यांचीच रड असल्यामुळे त्याकडेही कोणाचे लक्ष गेले नाही. फाटकापर्यंत तर कोणीच गेले नाही. मामा मराठी बोलत, कामापुरते कन्नडही बोलत, आणि विचारले असते तर त्यांनी सगळे सांगितले असते.

मानक २४० केवळ संचालकांना प्रश्न विचारायला सांगत नाही. कंपनीतल्या इतर माणसांनाही, ज्यांचा हिशेबाशी थेट संबंध नाही अशांनाही, ऑडिटरने आवश्यक तिथे विचारावे असे त्यात आहे. बंगळूर किंवा पुण्याहून आलेला मदतनीस स्टोअरकीपरशी इंग्रजीत बोलतो, स्टोअरकीपर मान डोलावतो आणि फायलीत ‘चौकशी केली, काही आढळले नाही’ अशी ओळ पडते. आमच्या सीमाभागात ही भाषेची अडचण जोखमीचाच एक भाग आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. निदान स्थानिक फर्मनी तरी आपल्या मराठी आणि कन्नड येणाऱ्या मुलांना कॉम्प्युटरसमोर बसवण्याआधी तासभर आवारात फिरू द्यावे.

वाणिज्य शाखेत शिकलेल्या प्रत्येकाला ‘ऑडिटर हा राखणदार कुत्रा आहे, शिकारी कुत्रा नव्हे’ हे वाक्य पाठ असते. १८९६ च्या इंग्लंडमधल्या किंग्स्टन कॉटन मिलच्या निकालातले ते वाक्य आहे. मात्र त्या खटल्यात घडले काय होते, हे फारसे कोणी सांगत नाही: गिरणीच्या व्यवस्थापकाने कापूस आणि सूत यांचा साठा वर्षानुवर्षे फुगवून दाखवला होता आणि ऑडिटरांनी त्याच्याच प्रमाणपत्रावर भिस्त ठेवली होती. न्यायालयाने तेव्हा ऑडिटरांना दोषी धरले नाही. आजच्या मानकांनुसार साठा महत्त्वाचा असेल तर मोजणीच्या वेळी ऑडिटरने स्वतः हजर राहायचे असते, आणि तरीही त्या जुन्या वाक्याचा आडोसा आपण सोडलेला नाही.

फसवे आकडे दाखवण्यामागे दबाव, संधी आणि स्वतःच्या मनाची समजूत अशा तीन गोष्टी पाहाव्यात, असे अभ्यासक्रमात शिकवतात. ते योग्यच आहे, पण उदाहरणे असतात शेअर बाजारातल्या कंपन्यांची. उद्यमबागेतल्या मालकाला शेअरच्या भावाची चिंता नसते, त्याला बँकेची मर्यादा टिकवायची असते, किंवा करापायी नफा कमी दाखवायचा असतो. कधीकधी एकाच कंपनीत बँकेकडे जाणारे स्टॉक स्टेटमेंट (मालसाठ्याचे विवरण) फुगलेले असते आणि पुस्तकातला साठा आटलेला असतो. पाच कोटींहून अधिक खेळत्या भांडवलाची मर्यादा असेल, तर बँकेला दिलेली तिमाही विवरणे पुस्तकांशी जुळतात की नाही हे सांगण्याचे बंधन ऑडिटरच्या अहवालाबाबतच्या २०२० च्या आदेशाने घातले आहे. ज्या कंपन्यांना हा आदेश लागू नाही, तिथेही हे दोन कागद शेजारी ठेवून पाहायला कोणी अडवलेले नाही. निपाणीकडच्या तंबाखूच्या वखारींत प्रश्न वेगळा असतो. पोती मोजता येतात, पण किंमत ठरते प्रतीवर, आणि प्रत ओळखणारा जाणकार सोबत नसेल तर साठ्याच्या मूल्यांकनाबाबत ऑडिटर मालकाच्या शब्दावरच अवलंबून राहतो.

फाउंड्रीच्या बाबतीत एक साधी पडताळणी आहे. इंडक्शन फर्नेसमध्ये, म्हणजे विजेवरच्या भट्टीत, एक टन लोखंड वितळवायला साधारण साडेपाचशे ते सातशे युनिट वीज लागते. भट्टीचे वय, क्षमता आणि काम करण्याची पद्धत यांप्रमाणे हा आकडा बदलतो, पण एकाच भट्टीचा आकडा महिन्यागणिक फारसा हलत नाही. बारा महिन्यांची हेस्कॉमची (वीज कंपनीची) बिले घ्यावीत, हीट रजिस्टरमधले वितळवलेले वजन त्यांच्याशी ताडावे, मग रिजेक्शनचे आणि गेटिंगचे (साच्यात रस जाण्याच्या वाटांत उरलेले) परत वितळणारे लोखंड वजा करून विक्रीच्या वजनापर्यंत यावे. विजेचे बिल मालकाच्या कॉम्प्युटरमध्ये तयार होत नाही. उत्पादनच न करता दाखवलेली विक्री यात उघडी पडते, आणि उत्पादन करून लपवलेली विक्रीही. आमच्या त्या मार्चच्या मालाचे बिंग मात्र विजेच्या बिलाने फुटले नसते, कारण माल खराच ओतलेला होता. त्यासाठी वर्ष उलटल्यानंतरच्या क्रेडिट नोटा आणि गेटबुक पाहायला हवे होते. आज सी फॉर्म गेला असला तरी परराज्यात जाणाऱ्या ५० हजारांवरच्या मालाला ई-वे बिल लागते आणि त्यावर गाडीचा नंबर व माल उतरवण्याचा पत्ता असतो, त्यामुळे मार्चअखेरची मोठी बिले घेऊन हे पत्ते तपासणे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे.

खात्रीपत्रांचेही, म्हणजे बँक किंवा येणेकरी यांच्याकडून शिल्लक बरोबर असल्याचे लेखी घेण्याच्या पत्रांचेही, तसेच. सत्यम कॉम्प्युटरच्या अध्यक्षांनी ७ जानेवारी २००९ रोजी दिलेल्या कबुलीपत्रात ५,०४० कोटी रुपयांची रोख व बँक शिल्लक अस्तित्वातच नसल्याचे लिहिले होते. पुढे अमेरिकेच्या रोखे बाजार नियामकाने ऑडिटरांवर ठपका ठेवला, त्यातला एक मुद्दा असा होता की, बँकांना खात्रीपत्रे पाठवण्याचे आणि त्यांची उत्तरे घेण्याचे काम त्यांनी अशिलाच्याच हाती सोपवले होते. हे वाचून आपण हळहळतो आणि आपल्याकडे येणेकऱ्यांची खात्रीपत्रे कंपनीचाच शिपाई वाटून येतो, सह्या-शिक्के घेऊन एका लिफाफ्यात आणून देतो. मीही असे लिफाफे घेतले आहेत.

१ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारा, बंद न करता येणारा एडिट लॉग असणे सक्तीचे झाले आहे आणि त्याबाबत ऑडिटरला अहवालात लिहावे लागते. तो लॉग चालू आहे एवढे पाहून पुष्कळ जण थांबतात. खरा उपयोग तो वाचण्यात आहे: मे महिन्यात बसून ३१ मार्चच्या तारखेने घातलेल्या जर्नल नोंदी, पूर्ण हजार-लाखांच्या गोल आकड्यांच्या नोंदी आणि एरवी नोंदी न करणाऱ्या माणसाच्या नावाने पडलेल्या नोंदी त्यात दिसतात.

फसवणूक आढळली तर काय करायचे हे कंपनी कायद्याच्या कलम १४३(१२) मध्ये आहे. रक्कम एक कोटी किंवा त्याहून अधिक असेल तर प्रकरण केंद्र सरकारपर्यंत न्यावे लागते. त्याखाली असेल तर दोन दिवसांत संचालक मंडळाला किंवा ऑडिट समितीला कळवायचे. ज्या कंपनीत संचालक मंडळ म्हणजे मालक आणि त्यांची पत्नी, तिथे या दुसऱ्या तरतुदीचा अर्थ काय उरतो, हे वाचकांनीच ताडावे. राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरणाची देखरेखही सूचिबद्ध आणि फार मोठ्या कंपन्यांच्या ऑडिटवर असते; आमच्याकडच्या बहुतेक कंपन्या त्या कक्षेत येत नाहीत.

ऑडिटरांच्या बाजूनेही एक गोष्ट लिहायला हवी. जी फी मालक देतो तीत दोन दिवस कारखान्यात घालवणे परवडत नाही आणि जास्त मागितली तर शेजारच्या गल्लीतला दुसरा फर्म काम घेतो. काटेकोर ऑडिट करूनही हुशारीने रचलेली फसवणूक निसटू शकते, हे मानकातही मान्य केलेले आहे. माझी तक्रार निसटलेल्या फसवणुकीबद्दल नाही. न पाहताच ‘कमी’ लिहिण्याबद्दल आहे.

यावर एक विनंती करतो. सनदी लेखापाल संस्थेच्या बेळगाव शाखेने आणि इथल्या वाणिज्य महाविद्यालयांनी हा हंगाम संपल्यावर या विषयावरचे एखादे चर्चासत्र हॉटेलच्या सभागृहात न घेता, मालकाची परवानगी काढून एखाद्या फाउंड्रीत घ्यावे. वजनकाट्याच्या चिठ्ठ्या, हीट रजिस्टर, गेटबुक, ई-वे बिले आणि विजेची बिले एका टेबलावर मांडून तरुण मुलांना एका महिन्याचा ताळा घालायला सांगावे, आणि त्या दिवशी गेटवर ड्युटीला असलेल्या माणसालाही आत बोलावून बसवावे.

आपला,
एक निवृत्त हिशेबनीस
अनगोळ, बेळगाव