स्पेस मोजून दाखवणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

परवा तुम्ही माझ्या टेबलापासून उठून गेलात आणि आभार मानायचे राहूनच गेले. घसा दाटून आला होता, खरं सांगतो.

जावास्क्रिप्टमध्ये एकाच व्हारखाली (var, म्हणजे व्हेरिएबल जाहीर करायचा शब्द) तीन-चार व्हेरिएबल्स आणि पहिल्यातच ऑब्जेक्ट, म्हणजे महिरपी कंसातला माहितीचा गठ्ठा असला, की माझा कोड लिहायचा एडिटर, ईमॅक्स, ऑब्जेक्टचा शेवटचा कंस थेट डाव्या कडेला आणायचा. खालचं दुसरं व्हेरिएबल मात्र चार स्पेस आत. वाचणाऱ्याला वाटावं, व्हेरिएबल्सची यादी कंसापाशीच संपली. हाताने सरळ करावं, तर ओळ आपोआप लावणारा टॅब दाबला की पुन्हा तेच.

महिनाभर विचारत होतो. "एवढ्याशा स्पेसचं काय घेऊन बसलास?" "प्रत्येकाला वेगळा व्हार लिही." एकाने तर स्क्रीनकडे मान वळवायचीही तसदी घेतली नाही. ती जुनी फाइल सगळ्यांची आहे हो, तिची धाटणी मी एकट्याने कशी बदलायची?

तुम्ही आधी फाइल उघडायला लावलीत. मग स्क्रीनवर बोट ठेवून मोजलंत: व्ही, ए, आर, एक स्पेस. चार. "म्हणून बाकीची नावं चार स्पेस आत, पहिल्या नावाच्या बरोबर खाली. लेट असतं तरी चारच, कॉन्स्ट असतं तर सहा." बोट कंसापाशी थांबलं. "आता सांग, स्वल्पविराम येईपर्यंत एडिटरला कसं कळणार, पुढे अजून कुणी आहे म्हणून?"

त्या एका प्रश्नाने सगळा वैताग उतरला. जेएस-इंडेंट-फर्स्ट-इनिट ही सेटिंग डायनॅमिक करायची, हे तुम्ही नंतर सांगितलंत. एकटंच व्हेरिएबल असेल तर कंस डावीकडे राहतो, पाठोपाठ दुसरं असेल तर ऑब्जेक्ट कंसासकट आत सरकतो. आधी लिहिलेल्या ओळी तेवढ्या पुन्हा इंडेंट करून, म्हणजे नव्याने आत सरकवून घ्यायच्या. मिनिटाचं काम. पण तुम्ही बोटाने मोजायला लागलात, तेव्हाच मला पहिल्यांदा वाटलं की माझी अडचण कुणीतरी खरी मानली.

जाणकार खूप भेटतात. दुसऱ्याची अडचण त्याच्या शेजारी बसून बघणारी माणसं फार थोडी. 'मॅन्युअल वाच' असंही तुम्ही म्हणाला नाहीत. मी नंतर ईमॅक्समधली त्या सेटिंगची माहिती वाचली, सगळं तिथे उदाहरणांसकट आहे. तुम्हाला ते ठाऊक असणारच.

आज ती फाइल पुन्हा उघडली. कंस आणि त्याखालचं नाव एका रेषेत उभे आहेत. मीही बोट ठेवून मोजलं. चार.

तुमचा ऋणी,
पलीकडच्या टीममधला