सकलातवाला का वगळले?

महोदय,
ब्रिटिश संसदेतील भारतीय वंशाच्या खासदारांवरील रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला. दादाभाई नौरोजींनंतर तो थेट आजच्या खासदारांवर येतो आणि शापूरजी सकलातवालांना वगळतो, हे खटकले. मुंबईत १८७४ मध्ये जन्मलेले हे जमशेटजी टाटांचे भाचे १९२२ मध्ये लंडनच्या बॅटरसी नॉर्थमधून निवडून आले, तेही तिथल्या कामगारांच्या मतांवर! हरल्यानंतर १९२४ मध्ये ते कम्युनिस्ट म्हणून पुन्हा जिंकले. १९२६ च्या सार्वत्रिक संपाच्या तोंडावर हाइड पार्कमधील सभेत त्यांनी सैनिकांना संपकऱ्यांवर गोळ्या न झाडण्याचे आवाहन केले. त्यासाठी खासदार असतानाच दोन महिने तुरुंगवास भोगला. भारताच्या स्वातंत्र्याची बाजूही त्यांनी सभागृहात सातत्याने मांडली. अशा माणसावर स्वतंत्र लेख द्यावा, ही विनंती.
– एक वाचक, दादर