साताऱ्यातच मुक्काम, पण चौकशी करून

माननीय संपादक,

सुट्टी लागली की सातारकर महाबळेश्वर नाहीतर कोकण गाठतो. घरात वयस्कर माणसं असतील, रजा एकच दिवस असेल, तर आपल्याच शहरातल्या हॉटेलात एक रात्र राहूनही खरी विश्रांती मिळते.

अडचण येते ती ओळखपत्राची. आधारवर साताऱ्याचा पत्ता दिसला की काही हॉटेलं खोली नाकारतात, जोडप्यांना तर हमखास. पैसे ऑनलाइन आधीच भरलेले असतात, मग काउंटरवर वाद होतो आणि परतावा रखडतो. म्हणून बुकिंगआधी हॉटेलला थेट फोन करून स्थानिक ओळखपत्र चालेल का, हे विचारावं आणि होकार मेसेजवर घ्यावा. हॉटेलचालकांनीही ही अट बुकिंगच्या पानावरच ठळक लिहावी, ही कळकळीची विनंती.

खोली महामार्गाच्या बाजूची नको, ट्रकचे हॉर्न रात्रभर थांबत नाहीत. लग्नसराईत लॉनपासूनही लांबची मागावी. साडेसात हजारांपर्यंतच्या भाड्यावर 5 टक्के जीएसटी लागतो. सांगितलेला दर करासहित आहे का, हे विचारून घ्यावं. दुपारी दोनला खोली मिळून सकाळी दहाला सोडायची असेल, तर हातात वीसच तास उरतात.

संध्याकाळी दिवेलागणीला चार भिंती स्मारक, पहाटे अजिंक्यतारा किल्ला, एवढं पुरे. कास पठार त्यात कोंबू नये, येण्याजाण्यातच बराच वेळ जातो. आणि मोटर बंद केली का, हे बघायला घरी चक्कर मारू नये. किल्ली शेजाऱ्यांकडे द्यावी.

– एक वाचक, सातारा